राखीव प्रभाग, खुला प्रभाग

पंचायत निवडणूक जवळ आली की गावातील सगळे आधी प्रभागांच्या आरक्षणाच्या अधिसूचनेची वाट पाहतात. २०१७ साली ती आली तेव्हा गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या गावात आमच्या वाड्याचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला होता. त्या प्रभागातून आधी निवडून येत असलेल्या पंचांनी दुसऱ्याच दिवसापासून आपल्या पत्नीच्या नावाची चाचपणी सुरू केली. ती बाई माझ्या ओळखीची होती आणि तिला पंचायतीत जाण्याची इच्छा नव्हती, हे तिने मला स्वतः सांगितले होते. मी त्या वेळी आमच्या स्वयंसाहाय्य गटाचे हिशेब सांभाळत होते. कर्जाची नोंद, बँकेचे पासबुक, हप्ते आणि मासिक बैठकीचे इतिवृत्त ही कामे माझ्या हातातली होती. गटातील दोघी-तिघींनी सरळ विचारले की जागा बायकांची आहे, तर ती नवऱ्याच्या वतीने कुणी का भरावी? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी अर्ज भरायचे ठरवले.

या जागा कुठून आल्या हे नीट लक्षात ठेवले पाहिजे. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि तिने पंचायतींतील किमान एक तृतीयांश जागा तसेच प्रमुखपदे महिलांसाठी राखून ठेवली. त्यानुसार १९९४ मध्ये गोवा पंचायत राज कायदा झाला. आज राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, आणि त्या प्रत्येकीत थोड्या का होईना बायका बसतात त्या या तरतुदीमुळेच. जिथे ही तरतूद नाही तिथले चित्र वेगळे आहे. चाळीस आमदारांच्या गोवा विधानसभेत २०२२ च्या निवडणुकीत तीन महिला निवडून आल्या, तर त्याआधी २०१७ मध्ये दोनच आल्या होत्या. शशिकलाताई काकोडकर १९७३ ते १९७९ या काळात मुख्यमंत्री होत्या, याचा आम्हाला अभिमान आहे, पण त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर दुसरी स्त्री बसलेली नाही, हेही अभिमानाने सांगणाऱ्याने विसरू नये.

उमेदवारी अर्ज भरणे हे काम बाहेरून वाटते तेवढे अवघड नाही, पण त्यात बायकांना अडवणाऱ्या लहान लहान गोष्टी पुष्कळ असतात. मतदारयादीत माझे सासरचे नाव होते, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आणि आधार कार्डावर मधले नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेले. मतदारयादीतील अनुक्रमांक आणि नाव जसेच्या तसे अर्जावर उतरवायचे, एक अक्षरही बदलायचे नाही, हा सल्ला मला पूर्वी निवडणूक लढवलेल्या शेजारच्या गावातील एका बाईंनी दिला आणि तो फार मोलाचा ठरला. छाननीच्या दिवशी टेबलापलीकडच्या कारकुनाने यादीतील ओळीवर पट्टी ठेवून प्रत्येक उमेदवाराचे नाव अक्षर न् अक्षर जुळवले. माझ्या आधीच्या एका महिला उमेदवाराच्या अर्जावर माहेरचे आडनाव होते आणि तिला विवाहाच्या नोंदीचा दाखला आणण्यासाठी धावपळ करावी लागली. पुरुषांची नावे जन्मभर तीच राहतात, त्यामुळे त्यांना ही पायरी जाणवतही नाही.

पंचायतीची थकबाकी नको म्हणून घरपट्टीची पावती मी सोबत ठेवली होती. ती पतीच्या नावावर होती. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे वेगळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता समाईक मानली जाते, आणि घर विकायचे झाले तर बायकोची सही लागते. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा मिळतो. इतका हक्क ज्या प्रदेशाने बाईला दिला, त्याच प्रदेशातील गांवकारीची, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या मूळ घराण्यांच्या 'कोमुनिदाद' या संस्थेची, परंपरा मात्र पुरुषवंशाने चालत आली. गावची जमीन, बांध, देवळाचा उत्सव यांविषयीचे निर्णय पिढ्यान्‌पिढ्या गांवकारांच्या बैठकीत झाले आणि त्या बैठकीत बाई नव्हती. मला वाटते, 'घरात बाईचा शब्द, गावात पुरुषाचा' ही जी सवय आमच्याकडे खोल रुजली आहे तिचे एक मूळ इथे आहे. पंचायत ही त्यामानाने अगदी अलीकडची संस्था, परंतु तिच्या बैठकीलाही लोक जुन्याच सवयीने येतात.

गोव्यात पंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, पण आमदारांचा पाठिंबा असलेली पॅनेल असतात हे सर्वांना ठाऊक आहे. मला एका पॅनेलकडून निरोप आला, आणि त्यासोबत सरपंचपदासाठी कुणाला मत द्यायचे याची अटही आली. मी नकार दिला. प्रभाग लहान असतो, काही शेच मतदार असतात, त्यामुळे पैशांपेक्षा पायांचा उपयोग अधिक होतो. गटातील बायका माझ्याबरोबर दारोदार फिरल्या. दुपारी बायका भेटत आणि रात्री जेवणानंतर पुरुष. पुरुषांचा प्रश्न बहुतेक ठिकाणी एकच असायचा: "वहिनी, निवडून आलात तर कारभार कोण पाहणार?" मी सांगत असे की गटाचा कारभार इतकी वर्षे मी पाहते, त्याची वही तुमच्याच घरातल्या बाईला विचारा. एका वयस्क काकांनी खरोखरच सुनेला हाक मारून विचारले आणि तिने ओट्यावर उभे राहून हिशेब सांगितला. ते घर माझ्या बाजूने होते की नाही हे मला कधी कळले नाही, पण त्या सुनेने पुढे ग्रामसभेत बोलायला सुरुवात केली.

मी निवडून आले. सात पंचांच्या आमच्या पंचायतीत आम्ही तिघी होतो. सातचा एक तृतीयांश काढला तर दोनाहून थोडा अधिक येतो आणि 'किमान' या शब्दामुळे तो तीन होतो. हे गणित पुढे माझ्या फार उपयोगी पडले.

पंचायतीची बैठक दर पंधरवड्याला होते. पहिल्या काही बैठकांत मला जे दिसले ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बायकांचे प्रतिनिधित्व नेमके कुठे गळते हे त्यातून कळते. तिघींपैकी एका पंचबाईंचे पती तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसत. विषय निघाला की ते बोलत, ती ऐकत असे. कुणी हरकत घेतली नव्हती, कारण ते स्वभावाने चांगले होते आणि गावात त्यांना मान होता. इतिवृत्ताची वही बैठकीच्या सुरुवातीलाच फिरायची. तारीख, उपस्थितांची नावे आणि त्याखाली सह्या. ठराव मात्र नंतर लिहिले जायचे आणि सह्यांच्या वरची जागा त्यासाठी मोकळी सोडलेली असायची. बांधकाम परवाने, व्यापार परवाने, ना हरकत दाखले, रस्त्याच्या कामांची मंजुरी हे सगळे त्या मोकळ्या जागेत उतरत असे. ज्या बाईला घरून 'सही करून ये' असे सांगून पाठवले जाते तिच्या नावावर कोणकोणते निर्णय जमा होतात याची तिला कल्पनाही नसते, आणि उद्या चौकशी झाली तर जबाबदारी मात्र तिचीच ठरते.

स्वयंसाहाय्य गटात आम्ही कोऱ्या जागेवर सही करत नसू. तोच नियम मी पंचायतीत धरला. उपस्थितीसाठी सही केली की तिच्या वरच्या मोकळ्या जागेवर रेघ ओढायची, ठराव लिहून झाल्यावर तो मोठ्याने वाचायला लावायचा आणि मग दुसरी सही करायची. सुरुवातीला सचिवांना हे अविश्वासाचे वाटले. बैठक लांबते म्हणून दोन पंच चिडले. पण दुसऱ्या पंचबाईंनीही तशीच रेघ ओढायला सुरुवात केली. त्या गावडा समाजातील, स्वतः शेतात राबणाऱ्या, फारसे न बोलणाऱ्या होत्या. बैठक सकाळी असली की त्यांची दिवसाची मजुरी बुडायची आणि पंचांना मिळणारे मानधन त्या मानाने अगदी तुटपुंजे. बैठक दुपारनंतर घ्यावी असा विषय मी मांडला तेव्हा 'एवढ्यासाठी वेळ बदलायची?' असे विचारले गेले. सरपंचांनी मात्र तो मान्य केला, हे त्यांचे श्रेय आहे. वेळ बदलल्यावर त्या बाई नियमित येऊ लागल्या आणि बांध, व्हाळ म्हणजे ओढा, पाटाचे पाणी या विषयांत त्यांच्याइतके ज्ञान आमच्यापैकी कुणालाच नाही हे सर्वांना कळले. एका बांधकामाच्या फाईलमध्ये नकाशावर न दाखवलेला व्हाळ त्यांनीच दाखवून दिला. आम्ही प्रत्यक्ष पाहणीला गेलो तेव्हा पावसाचे पाणी जाण्याची वाट मातीचा भराव टाकून बुजवलेली होती, आणि तो परवाना थांबला.

शेजारच्या खुर्चीवरच्या पतींविषयी मी त्या पंचबाईंशीच एकांतात बोलले. जाहीर बैठकीत तो विषय काढला असता तर अपमान तिचाच झाला असता. तिला बोलायची भीती नव्हती. कागद वाचायची सवय नव्हती, एवढेच. आम्ही दोघी बैठकीच्या आदल्या संध्याकाळी विषयपत्रिका घेऊन बसू लागलो. काही महिन्यांनी पती बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहू लागले, आणि मग येईनासे झाले. 'सरपंचपती' आणि 'पंचपती' हा देशभराचा प्रश्न आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने त्यासाठी २०२३ मध्ये समिती नेमली होती. दंडाची भाषा काही ठिकाणी आवश्यक असेलही. माझा अनुभव असा की निम्म्याहून अधिक काम विषयपत्रिका वेळेवर हातात पडण्याने आणि ती समजावून सांगणारी एखादी सोबतीण असण्याने होते.

ग्रामसभेची गोष्ट वेगळी. ती रविवारी असते, म्हणजे घरात सगळे जेवायला असतात त्या दिवशी. बायका येत, पण मागच्या रांगेत उभ्या राहत आणि ध्वनिक्षेपक पुढच्या रांगेतून मागे जायचा नाही. आम्ही ग्रामसभेच्या आधी अंगणवाडीत जमून प्रश्न लेखी तयार करायला सुरुवात केली. प्रश्न लेखी दिला की त्याची नोंद होते आणि उत्तर द्यावे लागते. पथदीप, सुक्या कचऱ्याची शेड, शाळेजवळचा उतार, बाहेरच्या बिल्डरने मागितलेला दाखला, असे विषय त्यांतून पुढे आले. गोव्याच्या बायकांना सार्वजनिक प्रश्न कळत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी सत्तरीतील शेळ-मेळावली आठवावे. आयआयटीसाठी जमीन देण्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या आंदोलनात बायका आघाडीवर होत्या आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने तिथला प्रकल्प मागे घेतला. रस्त्यावर बाईने पुढे उभे राहिलेले सर्वांना चालते. उमेदवारी देण्याची वेळ आली की तिचे नाव सुचत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

याच सुमारास नगरपालिकांच्या आरक्षणाचा खटला गाजला. फेब्रुवारी २०२१ मध्ये निघालेल्या प्रभाग आरक्षणाच्या आदेशात काही पालिकांत महिलांना एक तृतीयांशापेक्षा कमी जागा मिळाल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे या पाच पालिकांपुरता तो आदेश रद्द केला, आणि १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. राज्य सरकारचा सचिव त्याच वेळी निवडणूक आयुक्त असू शकत नाही, आयुक्त स्वतंत्रच हवा, हेही त्याच निकालात सांगितले गेले. त्या पालिकांचे आरक्षण पुन्हा करून मगच मतदान झाले. आमच्या गटात आम्ही हा निकाल बसून समजून घेतला. आरक्षण घटनेत असले तरी त्याचा तक्ता एखाद्या कार्यालयात कुणीतरी मांडतो, त्यात बेरीज चुकू शकते, आणि ती तपासून हरकत घेण्याचा अधिकार सामान्य नागरिकाला आहे, ही जाणीव आम्हाला त्यातून झाली. तेव्हापासून प्रत्येक तक्त्याची एकूण प्रभागसंख्या, तिचा एक तृतीयांश आणि प्रत्यक्ष राखीव जागा आम्ही स्वतः मोजतो.

२०२२ मध्ये पंचायतींची मुदत संपली. निवडणुका लांबणीवर पडण्याची चिन्हे होती, पण उच्च न्यायालयाने ४५ दिवसांत त्या घेण्याचे निर्देश दिले आणि भर पावसात १० ऑगस्टला मतदान झाले. नव्या तक्त्यात आमचा प्रभाग खुला झाला होता. त्या एका बदलाने गावाची भाषा कशी बदलली हे मी जवळून पाहिले. ज्यांनी पाच वर्षे माझ्या कामाचे कौतुक केले तेच सांगू लागले की आता प्रभाग पुरुषांचा झाला, तुम्ही शेजारच्या राखीव प्रभागातून उभ्या राहा. खुला प्रभाग म्हणजे स्त्री-पुरुष कुणीही लढवू शकेल असा प्रभाग, हे कायद्यात स्पष्ट आहे, परंतु लोकांच्या मनात राखीव म्हणजे बायकांचा आणि खुला म्हणजे पुरुषांचा अशी वाटणीच झालेली आहे. मी प्रभाग बदलला नाही. शेजारच्या प्रभागात दुसरी एक होतकरू मुलगी तयारी करत होती, तिच्या वाटेत मी का यावे? माझ्या जुन्या सहकारी पंचबाईंनाही हेच ऐकावे लागले आणि त्यांच्यापैकी एकीने अर्जच भरला नाही.

मतमोजणीत माझ्या मतपत्रिकांचा गठ्ठा दुसऱ्या क्रमांकाचा राहिला. अंतर थोडे होते. पराभवाचे दुःख ओसरले, पण त्यामागची व्यवस्था मला आजही खटकते. बाईला कारभार समजायला पहिली दोन वर्षे जातात. तिसऱ्या वर्षापासून ती प्रश्न विचारू लागते, अंदाजपत्रक वाचू लागते, गटविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात तिचे नाव माहीत होते. नेमक्या त्या वेळी आरक्षण फिरते आणि तिला खुल्या प्रभागात एकटी सोडले जाते, तर दुसऱ्या प्रभागात नवी बाई पहिल्यापासून सुरुवात करते. राज्यघटनेत राखीव जागा आलटूनपालटून देता येतील असे म्हटले आहे, पण दर निवडणुकीला त्या फिरवल्याच पाहिजेत असे म्हटलेले नाही. किमान दोन कार्यकाळ प्रभाग राखीव ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. २०२३ च्या एकशे सहाव्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवल्या आहेत आणि तिथे जागांची फिरती पुढच्या प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर व्हायची आहे. म्हणजे आमदार बाईला जी स्थिरता मिळू शकेल ती पंचबाईला नाही. ते आरक्षण जनगणना आणि पुनर्रचना यांच्याशी जोडलेले आहे. ते लागू झाले की गोव्याच्या चाळीस जागांत तेरा-चौदा बायका बसतील. त्या कुठून येणार आहेत? ज्या पंचायतीत दहा-पंधरा वर्षे टिकल्या त्यांच्यातून आल्या तर विधानसभेला अनुभवी आमदार मिळतील. नाहीतर जी घराणी आज प्रभागात पत्नीचे नाव पुढे करतात तीच उद्या मतदारसंघात करतील.

पंचपद गेल्यावर मला पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर घेतले गेले. ही नेमणुकीची जागा आहे. केंद्राच्या २००४ च्या नियमांत पंचायतीने नेमलेल्या सदस्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असे होते, आणि त्याचा आमच्या गावाला खरा लाभ झाला. निवडून येण्यासाठी जे पाठबळ लागते ते नसलेल्या, पण रानभाज्या, औषधी वनस्पती, तळी आणि देवराईची खडान्‌खडा माहिती असलेल्या दोन वयस्क मावशी समितीवर आल्या. गावाची जैवविविधता नोंदवही भरताना सर्वाधिक नोंदी त्यांनी सांगितल्या. नेमणुकीच्या समित्यांकडे राजकारणातील लोक दुय्यम म्हणून पाहतात. बायकांना कागदाची, बैठकीची आणि आपले म्हणणे नोंदवून घेण्याची सवय मात्र इथे मोकळेपणाने होते, म्हणून ग्रामविकास, शाळा, आरोग्य अशा प्रत्येक समितीत एक तृतीयांशाचा आग्रह धरला पाहिजे.

आता २०२७ च्या पंचायत निवडणुकीची तयारी आम्ही करत आहोत. प्रत्येक प्रभागातून एक बाई निवडून तिला मागच्या दोन वर्षांची इतिवृत्ते वाचायला दिली आहेत. मतदारयादीतील आणि दाखल्यांवरील नावे आत्ताच जुळवून घेण्याचे काम चालू आहे. अंगणवाडीतल्या बैठकीत सगळ्या मिळून अंदाजपत्रकाची एकेक बाब समजून घेतात. यावेळी तक्ता कसाही आला तरी किमान दोघींनी खुल्या प्रभागातून अर्ज भरायचा, हे ठरले आहे. त्यांपैकी एक मी आहे. दुसरी, ओट्यावर उभी राहून सासऱ्यांना गटाचा हिशेब सांगणारी ती सून.